पुढचा भार

"दस्तगीरभाई, त्या फाटकाला हात लावाल तर याद राखा!"

त्रिशलाबाई मगदूम खिडकीचे गज धरून ओरडल्या आणि दस्तगीरभाई फाटकाबाहेर जागच्या जागी थबकले. दोन्ही हातांत दोन शहाळी, तोंडावर मास्क आणि मास्कच्या वर ओशाळलेले डोळे. सतारीचे भोपळे कोरण्यात सगळी हयात घालवलेला हा माणूस त्रिशलाबाईंच्या यजमानांचा, भूपालअण्णांचा, शाळेपासूनचा दोस्त होता.

"लांबूनच बघतो की वो वहिनी. अण्णाचं तोंड दिसलं की जातो."

"लांबून लांबून म्हणत काल ओसरीपर्यंत आलात! कड्यांनी एकमेकांना ऐकलं आणि आज सकाळी ह्यांचा भार चढलाय. बघा अजून लांबून!"

आतून अण्णांचा आवाज आला, "येऊ दे गं त्याला. शहाळी तरी घे."

"तुम्ही गप पडा," त्रिशलाबाई म्हणाल्या, आणि कपाळावर हात मारून घेतला. एक माणूस आजारी पडलाय, त्याला डॉक्टरकडे न्यायचंय, आणि त्याच्यावर जीव टाकणारी माणसंच वाटेत आडवी पडलीत. आता ह्याला काय म्हणायचं?

कडं म्हणजे मनगटावरचं कडं. ते काढायची सोय नव्हती. सहा फुटांच्या आत दुसरं कडं आलं की दोन्ही कडी एकमेकांची नोंद घेत: कोण, किती जवळ, किती वेळ. वर नाडी, अंगाचा ताप, चाल, झोप हेही ती बघत. रोज सकाळी कड्यावर एक आकडा उमटायचा. तो म्हणजे त्या माणसाचा भेटभार. तुम्ही कुणाला समोरासमोर भेटलात, तर त्या एका भेटीतून रोग पुढे किती माणसांपर्यंत पोचू शकेल, त्याचा तो अंदाज.

हे सगळं उपटलं मुक्या तापामुळे. लोकांनीच त्याला ते नाव दिलं, कारण तो बोलतच नसे. अंगात शिरला की पंधरा-पंधरा दिवस काही नाही. शिंक नाही, खोकला नाही, तपासणीतही सापडायचा नाही. विषाणू मज्जातंतूंत दडून बसायचा आणि श्वासावाटे गुपचूप बाहेर पडत राहायचा. आज कोण आजारी आहे हे कळायला मार्गच नव्हता. मग एकच उपाय उरला: कोण कुणाला भेटलं ते बघायचं आणि गणितानं अंदाज बांधायचा. ह्या विद्येला संपर्कगणित म्हणत.

ह्या गणितात सगळ्यांत धोक्याचा माणूस कोण निघाला असेल? डॉक्टर. सगळा गाव त्याच्याकडे येतो आणि त्याच्याकडून आपापल्या घरी जातो. पहिल्या लाटेत मास्क, झगे सगळं असून मिरजेतले कितीतरी डॉक्टर गेले, आणि जाताना त्यांच्या पेशंटांनाही घेऊन गेले. म्हणून मग प्रत्येक डॉक्टरला दिवसाचा भार ठरवून दिला. लिफ्टमध्ये पाटी असते ना, इतकीच माणसं म्हणून, तसंच. एक जड पेशंट घेतला की दिवस संपला; हलके घेतले तर पुष्कळ मावतात. साहजिकच हलके आधी जात आणि जड माणसं रांगेत बसून राहत. शंभराच्या आत भार असेल तर आठवड्यात तारीख मिळे. भूपालअण्णांचा चारशेच्या खाली कधी आलाच नव्हता.

अपघात, बाळंतपण, छातीतली कळ ह्यांच्यासाठी मागचं दार उघडं होतं. तीन महिने पोटात दुखतंय, भाकरी अर्ध्यावर ठेवतात, शर्ट खांद्यावरून ओघळायला लागलाय, ह्याच्यासाठी नव्हतं. ह्याच्यासाठी स्क्रीन होती.

आणि हे मिरजेत! जिथे कोकणातून, कर्नाटकातून माणसं गाड्या भरभरून दुखणी घेऊन यायची, जिथे एकेका गल्लीत तीन-तीन दवाखान्यांच्या पाट्या, त्या गावात राहून एका डॉक्टरचा हात नवऱ्याच्या पोटाला लागेना, ह्या विचारानंच त्रिशलाबाईंचं डोकं फिरायचं. त्यांचे नेहमीचे आवटी डॉक्टर असते तर हाक मारल्याबरोबर स्कूटरवरून आले असते. पण तेही पहिल्याच लाटेत गेले.

स्क्रीनवर डॉक्टर हवा तेव्हा मिळायचा. चहा टाकावा आणि उकळी येईपर्यंत डॉक्टर हजर. दर वेळी नवा, दर वेळी तरुण, आणि दर वेळी पहिल्यापासून सांगा.

"काकू, आता तुम्हीच त्यांच्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबून बघा," त्या दिवशीचा डॉक्टर म्हणाला. "काय लागतंय हाताला?"

"पोट लागतंय."

"तसं नाही. मऊ लागतंय, कणकेसारखं, की आत काही टणक, कडा असल्यासारखं?"

"मला काय कळतंय त्यातलं? मी जन्मभर कणीक तिंबली, माणसं नाही!"

डॉक्टर चपापला. पोरगा वाईट नव्हता. म्हणाला, "काकू, मला जरा शंका येतेय. पण आतला फोटो काढायचा तर खोली बंद, हवा कोंडलेली, तिथे धोका सगळ्यांत जास्त. हाततपासणी झाल्याशिवाय मला तो लिहून देता येत नाही."

हाततपासणी म्हणजे डॉक्टरनं समोर बसून, हात लावून तपासणं. एके काळी ह्याला नुसतं तपासणं म्हणत.

"मग लावा की हात! कुणी धरलाय तुमचा?"

"त्यांचा भार फार आहे, काकू. तो उतरवायचा बघा."

बघा म्हणे. भूपालअण्णा मगदूम हा काही साधा माणूस नव्हता. तीस वर्षं एसटीच्या स्टँडवर नियंत्रक. गाडी लागली की माइकवरून त्यांचा आवाज घुमायचा, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना ते स्वतः केबिनमधून बाहेर येऊन गाडीत बसवून द्यायचे. निम्म्या तालुक्याला तो आवाज पाठ होता. मूलबाळ नव्हतं, म्हणून गल्लीतली पोरं हीच त्यांची पोरं. असा माणूस आजारी आहे म्हटल्यावर लोक घरी बसतील होय? आजाऱ्याला बघायला जायचं नाही, म्हणजे माणुसकी सोडली. मुका ताप आला काय आणि गेला काय, शहाळं, मोसंबी, बिस्किटचा पुडा घेऊन लोक येतच राहिले. कुणी पाच मिनिटं बसे, कुणी उशाशी हात फिरवे, आणि सकाळी आकडा चढलेला असे.

त्रिशलाबाईंनी मग दारावर पाटी लावली: 'आजाऱ्यास बघायला येऊ नये.' झालं उलटंच. पाटी का लावली, काही जास्त आहे की काय, हे विचारायला आदल्या आठवड्यापेक्षा जास्त माणसं आली.

शेवटी त्यांनी फाटकाला कुलूप घातलं आणि खिडकीशी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या. किराणा दोरीनं फाटकावरून आत घेतला. दस्तगीरभाईंना शहाळ्यांसकट परत पाठवलं. पंधरवडाभर घरात चिटपाखरू येऊ दिलं नाही. आणि तरीही आकडा बराच उतरून जो अडला तो अडलाच. अडीचशेच्या खाली यायला तयार नाही! त्रिशलाबाईंना कडं उपटून विहिरीत टाकावंसं वाटलं. तसं न करता त्यांनी नेत्राला फोन लावला.

नेत्रा ही आवटी डॉक्टरांची मुलगी. अर्धं लहानपण तिनं त्रिशलाबाईंच्या स्वयंपाकघरात भडंग खात काढलं होतं. आता ती पुण्याला संपर्कगणिताच्या संस्थेत शास्त्रज्ञ होती; हे कड्यांवरचे आकडे जिथे ठरत, तिथे.

"तुझं यंत्र बिघडलंय," त्रिशलाबाईंनी सुरुवातच अशी केली. फोन स्पीकरवर होता आणि अण्णा कॉटवर पडून ऐकत होते. "पंधरा दिवस माशी आत आली नाही. मग भार का उतरत नाही?"

"थांबा काकी, बघते." जरा वेळानं ती म्हणाली, "बिघडलेलं नाही. भाराचे दोन भाग असतात. एक मागचा. अण्णाकाका गेल्या पंधरवड्यात कुणाजवळ आले, ती माणसं आणखी कुणाजवळ आली, ते सगळं. तो तुम्ही पार उतरवलाय. कमाल केलीत. आता उरलाय तो पुढचा."

"पुढचा कसला?"

"अण्णाकाका डॉक्टरकडे जाऊन आले, की पुढे काय होईल?"

"काय व्हायचंय? औषध घेऊन घरी येतील."

"आणि मग?"

मग काय होणार हे त्रिशलाबाईंना चांगलंच ठाऊक होतं. डॉक्टर काय म्हणाले हे विचारायला सगळी गल्ली येणार होती.

"ताप मिळायची शक्यता सगळ्यांत जास्त कुठे, तर डॉक्टरकडेच," नेत्रा सांगत होती. "समजा अण्णाकाकांनी तो तिथून आणला. एकटं राहणारं माणूस असेल तर ताप त्याच्यापाशीच विझतो. अण्णाकाका तो गावभर वाटतील. त्यांच्या मागच्या आजारपणात कितीजण आले, हे कड्यांना माहीत आहे. तेवढी माणसं परत येणार असं ती धरून चालतात. कितीजण येतील, आणि अण्णाकाका पुढे किती दिवस त्यांना भेटत राहतील, ह्यांचा गुणाकार. तोच पुढचा भार."

"म्हणजे गाडीत चढणार किती आणि गाडीला थांबे किती, तसंच की," अण्णा कॉटवरून म्हणाले.

"अगदी तसंच, काका."

"पण आम्ही लिहून देतो," त्रिशलाबाई म्हणाल्या, "की आल्यावर महिनाभर कुणाला आत घेणार नाही."

"सगळेच लिहून देतात, काकी. पाळत कुणी नाही. तुमच्या दारावर पाटी लावली होती ना? काय झालं तिचं?"

त्रिशलाबाईंचा तोल सुटला. "म्हणजे ज्याला कुणी विचारत नाही त्याला डॉक्टर, आणि ज्याच्यावर चार माणसं जीव लावतात त्यानं मरायचं? हे गणित? ह्यासाठी शिकलीस?"

"काकी," नेत्रा म्हणाली, "माझे बाबा कुणामुळे गेले माहितीये? एका फार चांगल्या माणसामुळे. त्याला बघायला सगळी पेठ आली होती. तो बाबांकडे आला, मग बाबा गेले, आई गेली. त्या वेळी हा आकडा असता तर दोघं असते आज. कठोर आहे, पण माणसं वाचतात ह्यानं."

मग त्रिशलाबाईंनी विचारलं, "आणि माणसं येणारच नाहीत असं झालं तर?"

"तर उतरेल. पण ते कसं होणार?"

"ते माझ्यावर सोड."

त्रिशलाबाईंच्या तोंडाचा पट्टा गल्लीत प्रसिद्ध होता, पण आजवर तो भाजीवाल्यावर आणि पाणी सोडणाऱ्यावर चालला होता. आता त्यांनी तो माणसांवर चालवला. नणंदेला फोन करून लग्नातल्या मानपानापासून सगळं उकरून काढलं आणि परत ह्या घरात पाऊल टाकू नको म्हणून सांगितलं. स्टँडवरच्या जुन्या मंडळींना म्हणाल्या, साहेब होते तोवर फुकटचा चहा प्यायलात, आता कशाला नाटकं करता. भिशीतल्या बायकांना तर असं काही बोलल्या की दोघी फोनवरच रडल्या. फोन ठेवला की पाणी प्यायच्या आणि पुढचा नंबर लावायच्या.

आणि काय आश्चर्य, आकडा हलला! रोज थोडा, पण रोज खाली. एक भांडण, थोडा उतार. दुसरं भांडण, आणखी थोडा. त्रिशलाबाईंना कधी नव्हे तो हुरूप आला.

उरले दस्तगीरभाई. ते एकदा झिडकारल्यानं जाणारे नव्हते. रोज संध्याकाळी फाटकापाशी येऊन उभे राहत, हात वर करत, अण्णा आतून हात वर करत, की चालले. सहा फुटांच्या कितीतरी बाहेर. पण ज्याला रोज हात वर करायला यायचंय, तो अण्णा डॉक्टरकडून आल्यावर बाहेर थांबेल का?

त्या संध्याकाळी त्रिशलाबाई खिडकीत तयारच होत्या.

"रोज कशाला येता हो?" त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "काय बघायला येता?"

"अण्णाला, वहिनी. दुसरं काय असणार?"

"स्वतःच्या पोराला बघितलंत का असं? त्याला ताप दिलात तुम्ही. दुकानात गिऱ्हाइकं बसवून बसवून दिलात. एकाला पोचवलंत, आता ह्यांना न्यायला आलात?"

दस्तगीरभाईंचा मुलगा अल्ताफ पहिल्या लाटेत गेला होता. हाताखाली सतार जुळवायला शिकत होता तो. त्याच्या मातीला अण्णांना जाता आलं नाही, म्हणून त्रिशलाबाई आणि अण्णा दोघं ह्याच खिडकीत उभं राहून रडले होते.

हातातली पिशवी दस्तगीरभाईंनी फाटकाच्या खांबाशी टेकवून ठेवली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत.

अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले. "हे बरं केलं नाहीस तू," इतकंच म्हणाले.

"तुम्ही जगा," त्रिशलाबाई म्हणाल्या, "आणि मग घाला मला हव्या तेवढ्या शिव्या. ऐकून घेईन."

त्या आठवड्यात आकडा धाडकन उतरला. दोनशे, दीडशे, आणि एका सकाळी चक्क शंभराच्या आत! तासाभरात फोनवर निरोप आला: उद्या, सकाळच्या पाळीत, समोरासमोर हाततपासणी. त्रिशलाबाई किती दिवसांनी हसल्या. अण्णांचा पांढरा शर्ट इस्त्री करायला काढला, आणि इस्त्री तापत असतानाच नेत्राला फोन लावला. ह्या खेपेला एकटीनंच, स्वयंपाकघरातून. तिला चिडवल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

"कसं काय म्हणतंय तुझं यंत्र? हरवलं की नाही? सगळी मिरज तोडून टाकली मी. एक माणूस फिरकणार नाही आता."

"खरंच? थांबा हं, बघू दे मला." नेत्राही हसत होती. मग तिचं हसणं थांबलं.

"काय गं?"

"काही नाही, काकी. तारीख मिळाली ना? उद्या जाऊन या. चुकवू नका."

"नेत्रा. तुला मी लहानपणापासून ओळखते. काय दिसलं?"

"काकी, नको."

"बोल म्हणते ना!"

"काकांकडे येणाऱ्या माणसांचा अंदाज तसाच आहे. पहिल्या दिवसापासून तसाच. एकही माणूस कमी झालेला नाही."

"असं कसं? मी सगळ्यांशी भांडले! तोंड बघणार नाही म्हणालेत लोक!"

"यंत्राला भांडणं कळतात, काकी. तुम्ही फोनवर काय बोललात ते नाही कळत, पण माणसं कधी दुरावतात आणि परत कधी येतात, ते त्यानं हजारो घरांत बघितलंय. भांडलेली माणसं आजारपणात परत येतात. तुमच्याकडे तर येतातच. त्यानं तुमची भांडणं धरलीच नाहीत."

इस्त्रीचा दिवा लागून विझला. त्रिशलाबाईंना गुणाकार आठवला. माणसं आणि दिवस. माणसं तेवढीच आहेत.

"म्हणजे दिवस कमी झाले," त्या म्हणाल्या.

नेत्रा रडत होती. "कडं चाल बघतं, नाडी बघतं, झोप बघतं. वजनाचाही अंदाज घेतं. अंदाज आहे, काकी. चुकतोही कधी कधी. उद्या डॉक्टर हात लावतील, काहीतरी निघेल."

"तीन महिन्यांपूर्वी दिवस भरपूर होते ना?"

"हो."

"म्हणून तेव्हा जड होते."

"हो."

"वाचण्यासारखा होता तेव्हा जड, म्हणून घरी बसा. आता हलका झाला, तर या म्हणे." त्रिशलाबाईंचा आवाज चढला नाही, आणि त्याचंच नेत्राला भय वाटलं. "हे तुम्हाला कुणाला दिसलं नाही? एवढे शिकलेले तुम्ही?"

"गणित चुकलेलं नाही, काकी. एकेक भेट तपासली तर प्रत्येक निर्णय बरोबर आहे. हजारो माणसं वाचली आहेत. पण..."

त्रिशलाबाईंनी फोन ठेवला आणि शर्टला इस्त्री केली. अण्णांनी आतून विचारलं, "काय म्हणाली पोरगी? कसा काय उतरला एवढा?"

"माझ्या तोंडामुळे, दुसरं काय!"

"तुझ्या तोंडापुढं कोण टिकणार," अण्णा म्हणाले, आणि फार दिवसांनी खळखळून हसले. हसताना पोट दाबून धरलं होतं.

माणसांना बोलवावं, फाटक उघडून टाकावं, असं त्रिशलाबाईंच्या किती वेळा मनात आलं. पण चार माणसं आली की भार चढणार, तारीख जाणार. आणि अंदाज चुकतोही, असं नेत्राच म्हणाली होती. त्या एवढ्याशा 'चुकतोही'ला धरून त्यांनी सकाळी रिक्षा बोलावली.

दवाखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये लांबलांब खुर्च्या मांडल्या होत्या. सोबतच्या माणसाला अंगभर प्लास्टिकचा झगा. पेशंटला नाही, कारण त्याला तपासायचं असतं. बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागे, पण लोक बोलत होते. मुलांचा निकाल लागल्यावर शाळेत असतो तसा आनंद होता तिथे. जो तो मनगट वर करून आकडा दाखवत होता. कुणाचा नव्वद, कुणाचा साठ. काहीजण मात्र नुसते बसले होते, सोबतीला कुणी नसलेले. त्यांना कुणी विचारलंही नाही.

पलीकडच्या खुर्चीवर तिशीतला एक गडी होता. ट्रॅक्टरचं गॅरेज होतं त्याचं जयसिंगपूरकडे. शेजारी झग्यात गुंडाळलेली बायको. त्यानं अण्णांना विचारलं, "काका, तुमचा कसा उतरवला?"

अण्णा खुलले. माइकवरचा तो आवाज हॉलभर गेला. "आमच्या हिनं सगळ्या गावाशी भांडण काढलं, तेव्हा कुठं उतरला!"

लोक हसले. तो गडीही हसला. "आम्हाला काहीच करावं लागलं नाही बघा. गॅरेजवर दिवसभर माणसांचा राबता, मला वाटलं वर्षभर नंबर लागत नाही. आणि गेल्या आठवड्यात एकदम आपोआप उतरला. ही म्हणाली, देवच पावला."

अण्णांचं हसू तसंच राहिलं. त्यांनी त्या पोराच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे पिवळे होते. मग त्यांनी आपलं मनगट वळवून आकडा बघितला, आणि मग हॉलमधल्या खुर्च्यांवरून एकेक करत नजर फिरवली. त्रिशलाबाईंनी त्यांचा हात धरायचा प्रयत्न केला, पण झग्याच्या प्लास्टिकमधून नीट धरता येईना.

"अगं," अण्णा हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तुझं भांडण कुणी मनावर घेतलंच नाही तर."

त्रिशलाबाईंना खोटं बोलायचं होतं. जमलं नाही.

"दस्तगीरनं पण नाही?"

"नाही. त्यांनी पण नाही."

अण्णांनी मान डोलावली. तेवढ्यात त्यांच्या नावाचा पुकारा झाला. ते उठले, शर्ट नीट केला, आणि एकटेच आतल्या दाराकडे गेले. पेशंटबरोबर दुसऱ्याला सोडत नव्हते.

"काकी," तो गडी पलीकडून हसत ओरडला, "पुढच्या खेपेला आमचा भार चढला तर आमच्या गल्लीशी पण भांडून द्या बरं का!"

"देते की," त्रिशलाबाई म्हणाल्या. "पत्ता सांगून ठेव, बाळा."

आणि तो खरंच पत्ता सांगू लागला. स्टँडवरून कुठे वळायचं, गॅरेजची पाटी कुठल्या बाजूला दिसते, घर कितवं. बायको मध्ये मध्ये त्याला दुरुस्त करत होती, आणि त्रिशलाबाई सगळं नीट ऐकून घेत होत्या.